पाणी हिंदमात्याचं, थरार परगावचा

दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून छबिलदासच्या गल्लीत शिरलं की पुस्तकांच्या दुकानात अनुवादित थरारकादंबऱ्या शोधाव्या लागत नाहीत, त्या समोरच मांडलेल्या असतात. रॉबिन कुक, मायकेल क्रायटन, जॉन ग्रिशॅम, डॅन ब्राऊन. जाडजूड पाठी, चकचकीत मुखपृष्ठं, बरीचशी पुण्याच्या मेहता पब्लिशिंग हाऊसची. ही मंडळी जरा निवांत चाळली की लक्षात येतं, खून आणि हेरगिरी यांच्या जोडीने इथे नदीत सोडलेलं रसायन आहे, प्रयोगशाळेतून निसटलेले जीव आहेत, पाणथळ जमिनीखालचं तेल आहे. गिऱ्हाईक 'पर्यावरणीय थरारकथा द्या' असं म्हणत नाही. 'हातातून सुटणार नाही असं काहीतरी द्या' म्हणतो आणि घरी नेतो ती बेंझिनने बिघडलेल्या नदीची गोष्ट.

या प्रकाराची आवड वाढते आहे असं सगळीकडे म्हटलं जातं. मराठीपुरतं ते तपासायचं कसं? आपल्याकडे पुस्तकावर आवृत्तीचा आकडा छापतात, प्रतींचा नाही. तेव्हा पुस्तकाची पाठ किती उसवली आहे आणि पानांचे कोपरे किती मुडपले आहेत, हाच ग्रंथालयातला भरवशाचा पुरावा. तो पाहता मला वाटतं, वाचकाची आवड खरी आहे, आणि ती आजकालची नाही. वाढायचं राहिलं आहे ते मराठी लेखन. लालबाग-परळचा वाचक लुइझियानाच्या दलदलीतला कट उत्कंठेने वाचतो, कारण दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या हिंदमात्याच्या पाण्यातला कट त्याला कोणी लिहून दिलेला नाही.

आधी या प्रकाराची घडण पाहू. त्याची मूळ चौकट इब्सेनने १८८२ सालीच उभी केली. 'ॲन एनिमी ऑफ द पीपल' या नाटकात गावच्या औषधी स्नानगृहांचं पाणी दूषित आहे हे एका डॉक्टरला कळतं. स्नानगृहांवर गावाचं पोट आणि गावचा महापौर डॉक्टरचा सख्खा भाऊ. सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये 'गणशत्रू'त हेच पाणी देवळाचं तीर्थ केलं. पीटर बेंचलीच्या 'जॉज'मध्ये (१९७४) पाण्यात शार्क आहे, पण किनारा बंद करायला नकार देणारा महापौर इब्सेनचाच. (बेंचलीने पुढे शार्कच्या संरक्षणासाठी बरंच काम केलं. आपल्या पुस्तकाने त्या माशाची काय बदनामी झाली हे त्याला कळून चुकलं होतं.) रेचल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) हे तर वैज्ञानिक पुस्तक, पण त्याची सुरुवात पक्षी गप्प झालेल्या एका काल्पनिक गावापासून होते आणि मग मारेकऱ्याचा शोध सुरू होतो. कोणाला तरी काहीतरी कळतं, ते ज्यांच्या गैरसोयीचं त्यांच्याच हाती सत्ता असते, आणि मध्ये वेळ थोडा असतो, एवढंच या प्रकाराचं भांडवल.

कुकची 'फीव्हर' (१९८२) हा त्याचा चोख नमुना. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरच्या मुलीला रक्ताचा कर्करोग होतो. घरामागच्या नदीत वर कुठेतरी एक कारखाना बेंझिन सोडतो आहे. त्या कारखान्यामागचा उद्योगसमूहच डॉक्टरच्या संशोधन संस्थेच्याही मागे उभा असतो. म्हणजे औषध शोधायला पैसा देणारा आणि रोग पसरवणारा एकच. टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पथाऱ्या टाकून राहणारी माणसं रोज पाहणाऱ्या परळकराला ही गोष्ट दूरची वाटेल का? ग्रिशॅमच्या 'द पेलिकन ब्रीफ'मध्ये (१९९२) दोन न्यायमूर्तींचे खून पडतात ते पाणथळ जमिनीवरच्या तेलउत्खननाचा खटला पुढेमागे वरच्या कोर्टात येणार म्हणून. पुढे आवाका वाढत गेला. जर्मन लेखक फ्रांक शेट्झिंगच्या 'द स्वार्म'मध्ये (२००४) समुद्रच माणसावर उलटतो, तर किम स्टॅनली रॉबिन्सनच्या 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर'ची (२०२०) सुरुवात उत्तर प्रदेशातल्या प्राणघातक उष्णतेच्या लाटेने होते. परदेशी लेखकांना आपला उन्हाळा कथेला पुरेसा वाटू लागला आहे, हे आपल्या लेखकांनी नोंदवून ठेवावं.

मराठी वाचकाला या चवीची ओळख झाली ती वेगळ्याच दारांनी, आणि पहिलं दार शिकारकथेचं. जिम कॉर्बेटचं 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' १९४४ साली ऑक्सफर्डच्या मुंबई शाखेने काढलं, पुढे ते मराठीतही आलं. कॉर्बेट नुसता नेम धरणारा माणूस नव्हता. वाघीण नरभक्षक का झाली याचा तो तपास करतो. साळिंदराचे काटे पायात रुतलेले किंवा कुणा शिकाऱ्याची चुकलेली गोळी जबड्यात लागून सुळे तुटलेले. चंपावतच्या वाघिणीचं तसंच होतं. म्हणजे माग काढत गेलं की गुन्हेगार बरेचदा माणूस निघतो. हा पर्यावरणीय रहस्यकथेचा अस्सल साचा होता. आपण त्यातला थरार घेतला, तपास मागेच सोडला. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घातली गेली, तेव्हा महाराष्ट्रात महिनोन् महिने वाद पेटला. वाघ, जंगल, खातं, राजकारण, कोर्ट, सगळं हाताशी होतं. ते उचललं हिंदी सिनेमाने, 'शेरनी'त (२०२१).

दुसरं दार बाबुराव अर्नाळकरांचं. हजाराच्या वर रहस्यकथा आणि धनंजय, झुंजार, काळापहाड हे त्यांचे नायक. गिरगावच्या चाळींत आणि लालबागच्या गिरणगावात त्यांच्यावर उड्या पडत. दिवसपाळी-रातपाळी करणारा माणूस ज्या वेगाने पुस्तकं वाचत होता, तो वेग आपल्या प्रकाशनव्यवहाराला पुन्हा सापडला नाही. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी पुढे तो वाचक टिकवला. या कथांमध्ये मुंबई भरपूर आहे, पण ती पार्श्वभूमीला. धुराडी, खाडी, गोदी हे पाठलागाचे रस्ते आहेत, गुन्ह्याचं कारण नव्हेत.

तिसरं दार विज्ञानकथेचं. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, आज चुनाभट्टीला तिचं भवन आहे. परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली आणि पहिली ठरली. लेखक निघाले जयंत नारळीकर. त्यांच्या हिमयुगाच्या कथेत मुंबईत बर्फ पडतो. धोक्याची सूचना आधीच देणाऱ्या शास्त्रज्ञाचं कुणी ऐकलेलं नसतं आणि मग सगळे त्याच्याच दारी येतात. हवामानबदल हा शब्द वर्तमानपत्रांत रुळण्याच्या कितीतरी आधी ही कथा मराठी मुलांनी वाचली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ती वाट रुंद केली. जावडेकर तर रसायन अभियंते, त्यांनी भोपाळच्या वायुकांडावर 'आकांत' ही कादंबरी लिहिली. कारखान्याच्या आतली यंत्रणा कशी चालते हे ठाऊक असलेल्या माणसाने लिहिलं की काय फरक पडतो, यासाठी ती वाचावी.

मात्र माझ्या मते मराठीत या प्रकाराच्या सगळ्यात जवळ गेलेलं पुस्तक विज्ञानकथेच्या कपाटात नाहीच. ते अनिल बर्वे यांचं '११ कोटी गॅलन पाणी'. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत स्फोट झाला, शेजारच्या जुन्या खाणीतलं साठलेलं पाणी आत घुसलं, ३७२ कामगार गेले. 'काला पत्थर' (१९७९) हा हिंदी सिनेमा त्याच घटनेवरून निघाला आणि त्याने नायक, गाणी, मारामाऱ्या घातल्या. बर्वे यांनी आकडाच शीर्षकात घातला. शीर्षक वाचलं की घड्याळ सुरू होतं, एवढं पाणी येणार आणि आत माणसं आहेत. लेखन धारदार, वाक्यं तोडून टाकलेली, आणि आरोप कुणावर आहे याबद्दल लेखकाच्या मनात काडीचा संभ्रम नाही. बर्वे १९८४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या मागे ही वाट कुणी चालवली नाही.

तोवर गंभीर साहित्याने आपला मार्ग धरला होता. धरणग्रस्तांवरची विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (साहित्य अकादमी, १९९२), कोरडवाहू शेतीची सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००४) ही पर्यावरणाची पुस्तकं आहेत, आपण त्यांना ग्रामीण म्हणून वेगळ्या फळीवर ठेवतो इतकंच. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा परीक्षणांतून विस्थापनाची चर्चा पुष्कळ झाली. त्यातल्या पाठलागाबद्दल कमी बोललं गेलं. धरणामुळे उठलेल्या गावात मागे राहिलेली, रानटी झालेली म्हैस आणायला एक माणूस परत जातो. माणूस, जनावर, ओसाड गाव, रान. कोण कोणाच्या मागावर आहे हे पानोपानी बदलत राहतं. छबिलदासच्या गल्लीतल्या त्या कपाटात 'रिंगाण' ठेवून पाहावं. माझी खात्री आहे, कुकच्या वाचकाला ती जड जाणार नाही.

दुखणं आहे ते या दोन फळ्यांमध्ये. रत्नाकर मतकरी यांचं उदाहरण घ्या. मुंबईत वाढलेला, गूढकथेवर हुकमत असलेला लेखक, आणि नर्मदा आंदोलनाच्या बाजूने जाहीरपणे उभा राहिलेला नागरिक. एकाच माणसात हे दोन्ही होतं. वाचकांच्या स्मरणात राहिलेली त्यांची गूढकथा मात्र 'खेकडा'ची, माणसाच्या मनातल्या अंधाराची. बुडणाऱ्या खोऱ्याची भीती तिच्यात उतरली नाही. हा मतकरींचा दोष मी मानत नाही. आपल्याकडे रहस्यकथा म्हणजे रंजन आणि आंदोलन म्हणजे निबंध, अशी वाटणी संपादकांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांनी मान्य करून टाकली आहे.

अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट'मध्ये (२०१६) तक्रार केली की गंभीर कादंबरी हवामानाचं अरिष्ट टाळते आणि असे विषय विज्ञानकथा-भयकथांच्या वस्तीत ढकलून देते. त्याच पुस्तकात मुंबईवर मोठं चक्रीवादळ आदळलं तर काय होईल याचं अंगावर काटा आणणारं प्रकरण आहे. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलं, तौक्ते १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेलं, तेव्हा ते प्रकरण पुन्हा आठवलं. घोष यांची तक्रार मराठीला अर्धीच लागू पडते. आपल्या गंभीर कादंबरीने धरण आणि दुष्काळ टाळले नाहीत. टाळलं ते शहर. आणि रंजक कादंबरीने शहर घेतलं, पण त्याचं पाणी, जमीन, हवा वगळून.

वास्तविक दादर ते लालबाग एवढ्या पट्ट्यात किती कथानकं पडून आहेत! हिंदमाता घ्या. बशीसारखी सखल जागा, इंग्रजांच्या काळातली गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की समुद्रात जाणारी तोंडं बंद होतात आणि पाण्याला जायला वाट उरत नाही. थरारलेखकाला बॉम्बला जोडलेलं घड्याळ कल्पावं लागतं. इथे भरतीची वेळ आदल्या दिवशीच्या पेपरात छापून येते. आता दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या आहेत. जमिनीखाली अंधारात भरत जाणारी टाकी, वर खेळणारी पोरं, कंट्रोल रूममधला एकटा अभियंता. लेखकाला आणखी काय हवं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात अर्धे बुडत होते आणि अर्ध्यांना पत्ता नव्हता. ही रहस्यकथेतली सुरुवात आहे, आपण ती हवामान खात्याच्या नोंदीत ठेवली.

किंवा हाफकिन. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला, वाल्डेमार हाफकिनने मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, तीच आजची हाफकिन संस्था. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात ही लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. ठपका हाफकिनवर, निलंबन, परदेशात वर्षानुवर्षं झगडा, आणि शेवटी निर्दोष. बाटली परळला दूषित झाली की गावात उघडताना, एवढ्या एका प्रश्नावर कादंबरी उभी राहते. साथीचा थरार वाचायला आपण अमेरिकेतल्या अटलांटापर्यंत जातो, परळच्या आचार्य दोंदे मार्गावर थांबत नाही.

सगळ्यात मोठं कथानक मात्र गिरण्यांच्या जमिनीचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला हे सगळ्यांना पाठ आहे. जयंत पवार यांच्या 'अधांतर'ने आणि कथांनी त्या घरांची पडझड कायमची नोंदवून ठेवली. पण जमिनीचं काय झालं ती गोष्ट वेगळी, आणि ती एका नियमात दडलेली आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला मिळायचा होता. सुमारे ६०० एकर जमीन, गिरणगावाच्या ऐन मध्यात. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांसाठी एकत्रित आराखडाही सुचवला. मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची करायची नाही, ज्यावर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीची करायची. गिरणी म्हणजे शेड, गोदामं, धुराडी. मोकळी जमीन उरते किती? लालबागच्या पोरांच्या वाट्याची मैदानं त्या एका दुरुस्तीत आक्रसली. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप कोर्टात गेला, ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला, ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयात हरला.

थरारकादंबरीला इथे अडचण येते, आणि मराठी लेखक या विषयापासून दूर का राहिला याचं उत्तर मला इथे सापडतं. मुडदा नाही, पाठलाग नाही. जे झालं ते सर्वोच्च न्यायालयाने कायदेशीर ठरवलेलं. खलनायक एक माणूस नाही, राजपत्रातली एक ओळ आहे. झुंजार तिच्यावर पिस्तूल कसं रोखणार? पण हे जमतच नाही असं नाही. अरुण साधू यांनी 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) मध्ये फोन, फाईल, विधानभवनाची लॉबी एवढ्या सामग्रीवर श्वास रोखून धरायला लावला. त्यांना मंत्रालय आतून माहीत होतं. पर्यावरणीय थरारकथेला लागतं ते हेच. झाडांवरचं प्रेम पुरत नाही, परवान्याचा कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो ते ठाऊक असावं लागतं.

मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडली गेली, तो प्रसंगही तसाच. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. रात्र, झाडं, पोलीस, कोर्ट उघडेपर्यंतचे तास. आयता सिनेमा. पण गिरगावात बसून लिहिलं तर ही गोष्ट एवढी सरळ राहत नाही. त्या मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या चाळकऱ्यांना घरं सोडावी लागली, आणि आज गिरगाव स्टेशनातून तीच मेट्रो पकडणाऱ्या म्हातारीला जिने चढून लोकल धरावी लागत नाही. तिला खलनायकाच्या बाजूला बसवणार का? चांगला लेखक बसवणार नाही, आणि त्याची कादंबरी जास्त वाचनीय होईल.

सावध राहावं अशी एक गोष्टही सांगायला हवी. थरार कोणत्याही बाजूने वापरता येतो. क्रायटनच्या 'स्टेट ऑफ फिअर'मध्ये (२००४) खलनायक पर्यावरणवादीच आहेत, तापमानवाढीची भीती मुद्दाम पसरवणारे. तळटीपा आणि आलेख लावलेली ती कादंबरी इतकी पटणारी ठरली की सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने कादंबरीकाराला साक्षीला बोलावलं. पुस्तक वाचनीय आहे, विज्ञान मोडून-तोडून मांडलेलं आहे. आपल्याकडचा वाचक ते नुसत्या उत्कंठेपोटी वाचून बाजूला ठेवेल असं मानणं भोळेपणाचं आहे. म्हणून तर इथल्या माहितीवर उभी राहिलेली कथा इथेच लिहिली गेली पाहिजे.

जागा आहे कुठे? दिवाळी अंकांत. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये सुरू केलेली ही प्रथा आजही मराठी लेखकाला ऐंशी-शंभर पानांची लघुकादंबरी लिहायला मुभा देते, आणि थरारकथेला लांबी तेवढीच मानवते. 'धनंजय'सारखे अंक रहस्य, गूढ आणि विज्ञान यांना वर्षानुवर्षं एकत्र जागा देत आले आहेत. दुसरी जागा ध्वनिपुस्तकांची. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हा मराठी पहिल्या भाषांत होती. कर्जत लोकलमध्ये कानात गोष्ट ऐकत उभा असलेला माणूस हा अर्नाळकरांच्या वाचकाचाच नातू आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. दर वर्षी 'पर्यावरण विशेष' विभाग काढून त्यात पाच तज्ज्ञांचे पाच लेख छापण्यापेक्षा एका रहस्यकथाकाराला आणि महापालिकेतून निवृत्त झालेल्या एका पर्जन्यजल अभियंत्याला महिनाभर आधी एकत्र बसवा. मानधन दोघांना द्या. विषय हिंदमात्याचा द्या, नियम ५८ चा द्या, शिवडीच्या रोहितपक्ष्यांचा द्या. आणि ती कथा लेखांच्या विभागात टाकू नका, रहस्यकथांच्या पानांवर छापा.